वुथीने बुडवलेलं देऊळ

वुथीने मला एका देवळाला बुडवलं. पैशाला नाही; पैशाला मला बुडवेल असा माणूस अजून पनवेलमध्ये दुकान टाकायचा आहे. देवळाला बुडवलं. सबंध दगडी देऊळ, पायऱ्यांसकट. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याचं कौतुक करायला लागणार आहे. मग तुम्ही म्हणाल, बाई, एवढा चांगला माणूस, तर तक्रार कसली? तक्रार आहे.

माझं पनवेलला फरशीचं दुकान आहे. कडप्पा, कोटा, ग्रॅनाइट. सुरुवात केली तेव्हा दुकान नव्हतं. पनवेलजवळ नेऱ्याकडे जी घरं बांधली जायची त्यांना मी स्वयंपाकाच्या ओट्यांचे कडप्पे पुरवायची, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर मोजमापाची वही घेऊन. त्या टेम्पोने आता माझ्या डाव्या गुडघ्यावर सूड उगवलाय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, नंतर सपाट रस्त्यावर हवं तेवढं चाला, पण खड्या पायऱ्या विसरा. मी त्यांच्याशी घासाघीस करून बघितली. निदान एक जिना तरी सोडा म्हटलं. ते बधले नाहीत. माझ्या माहितीत असा हा एकच माणूस.

नसीमाचं नळ आणि बाथरूम फिटिंगचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. तिचा नवरा वीस वर्षं कतारला, त्यामुळे तिला विमानाचं काही वाटत नाही. ती म्हणाली, "पायऱ्या बंद व्हायच्यात ना? मग आधी दिलखुलास चढून घे. कंबोडियाला चल. तिथली देवळं म्हणजे नुसते जिनेच असतात म्हणे."

अशा रीतीने आम्ही चौदा जणांच्या सहलीत शिरलो आणि कंबोडियातल्या सिएम रीपच्या विमानतळाबाहेर पडलो. समोर एक काटकुळा, चाळिशीचा माणूस उभा होता. डोक्यावर टोपी, हातात मिटलेली छत्री. ती छत्री त्याने आम्ही होतो तेवढ्या दिवसांत एकदाही उघडली नाही, उन्हात नाही, पावसातही नाही. छत्रीने तो देव दाखवायचा, रस्ता दाखवायचा आणि रस्ता ओलांडताना मोटारी थांबवायचा. त्याने ती वर केली आणि म्हणाला,

"राम राम मंडली! आमी वुथी हाय. तुमी दमला? घाबराचं नाय. आदी जेवाचं, मंग देव!"

चौदा माणसं जागच्या जागी थांबली. नसीमाने माझा दंड धरला. "या अल्ला, हा तर उरणचा निघाला!"

उरणचा नव्हता. आमच्या आधी त्याच्याकडे उरणजवळच्या करंजाची मच्छीमार मंडळी येऊन गेली होती. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा ही माणसं फिरायला निघतात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि वुथीला मराठी. त्यातल्या एकाने हट्ट धरला की आम्ही तुझी भाषा शिकण्यापेक्षा तूच आमची शीक, तू एकटा आहेस, आम्ही बारा आहोत. वुथीला हे पटलं. चार दिवसांत त्याने एक वही भरली. मी ती वही पाहिली आहे. त्याच्या भाषेची, खमेरची, अक्षरं चकल्या पाडल्यासारखी. त्या चकल्यांमध्ये करंजाची बोली भरलेली. आम्ही पनवेलची शहरी माणसं, 'आहे' आणि 'नाही' म्हणणारी. आणि हा खमेर माणूस आम्हाला परदेशात 'हाय' आणि 'नाय' ऐकवत होता. लांबलचक इतिहास इंग्रजीत सांगायचा, बाकी सगळा कारभार मराठीत.

बसमध्ये चढल्या चढल्या मी पुढची सीट पकडली, ड्रायव्हरला एसी कमी करायला लावला आणि टूर मॅनेजरला कार्यक्रमपत्रिकेवरून झापलं: सहा देवळं आणि दोन खरेदीची दुकानं, हे काय प्रमाण झालं? वुथी हे सगळं बघत होता. त्याने वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला हात जोडले.

"तुमी दादूस."

बसमध्ये हशा पिकला. मी त्याला सांगितलं की अरे, दादूस म्हणजे मोठा भाऊ. पुरुष. मी बाई आहे, दोन सुनांची सासू आहे. त्याने पुन्हा वहीत पाहिलं आणि मान हलवली.

"नाय. करंजाचा मानूस बोलला, जो सगल्यांच्या पुढं चालतो, जो मोट्यानं बोलतो, ज्याला सगले घाबरतात, तो दादूस."

"बराबर लिहिलंय त्याने," नसीमा म्हणाली. "खोडू नकोस रे."

त्याने खोडलं नाही. आज पनवेलच्या बाजारात लादी बसवणारे मिस्त्रीसुद्धा मला दादूस म्हणतात. नसीमाने ही बातमी विमानातून उतरायच्या आत पोचवली होती.

वुथी देवळात शिरताना उंबऱ्याशी थांबायचा आणि टोपी काढायचा. आत मूर्ती असो नसो. एका गाभाऱ्यात तर फक्त वटवाघळांचा वास होता. मी म्हटलं, "अरे, आत कोणी नाही."

"देव गेला, घर हाय," तो म्हणाला. "घराला पन राम राम."

मी आयुष्यभर घरांना लागणारा दगड विकत आले, पण घराला राम राम करणारा माणूस मला गिऱ्हाइकांत कधी भेटला नव्हता. मीही पदर सारखा केला आणि कोणी बघत नाही असं पाहून उंबऱ्याला हात लावला. दगड चांगला होता.

अंकोरवाटच्या लांबलचक भिंतीवर समुद्रमंथन कोरलेलं आहे. इतर गाइड आपापल्या लोकांना ते छत्रीने किंवा झेंड्याने दाखवत होते. वुथी म्हणाला, बघून समजत नाही, ओढून समजतं. त्याने नसीमाची ओढणी मागितली. तीच वासुकी. "देव इकडं, राक्षस तिकडं. दादूस राक्षसात."

"मी राक्षसात का म्हणून?"

"राक्षस सापाचं तोंड धरतो. तोंडाला विष. तिकडं जोर पाहिजे."

मग मी जोर दाखवला. देवांच्या बाजूला निवृत्त बँकवाले, त्यांच्या बायका आणि टूर मॅनेजर होते. दोन हेलकाव्यांत सगळे देव एकमेकांच्या अंगावर. एक काका खाली बसूनच "पुन्हा! पुन्हा!" ओरडत होते. शिट्टी फुंकत रखवालदार धावत आला. वुथी त्याच्याशी अर्धा मिनिट काहीतरी बोलला, हसला, त्याचा हात धरून त्याला आमच्या बरोबर मधोमध उभं केलं आणि जाहीर केलं, "विष्णू!" रखवालदार लाजला. पण उभा राहिला. आणि दुसऱ्या फेरीत मोजायचं कामही त्यानेच केलं.

त्याच दिवशी मधल्या मनोऱ्याचा जिना मी चढून गेले. चढताना गुडघा गप्प होता, उतरताना बोलायला लागला. वुथी माझ्यापुढे उलटा उतरत होता, तोंड माझ्याकडे, हात पसरलेले.

"पडाचं तर आमच्यावर पडाचं, दादूस. आमी मऊ हाय."

"मऊ कुठला? बांबू आहेस नुसता."

"बांबू वाकतो, मोडत नाय. पडा."

मला इतकं हसू आलं की दोन पायऱ्या बसून उतराव्या लागल्या. खाली आल्यावर त्याने गुडघ्याकडे पाहिलं, जीभ चुकचुकवली आणि कुठूनसा बर्फ आणून दिला.

दुसऱ्या दिवशी माझं देऊळ आलं. म्हणजे आलं नाही, गेलं. झाडांची मुळं भिंतींवर बसलेलं ते प्रसिद्ध देऊळ बघून आम्ही जेवायला निघालो होतो, आणि बसच्या खिडकीतून एक डोंगरासारखं काही सर्रकन मागे पडायला लागलं. काळपट हिरवट दगड. नक्षी नाही, अप्सरा नाहीत, फुलं-वेली काही नाही. नुसते घडीव चौकोनी दगड एकावर एक चढत आभाळात गेलेले आणि मधून एक जिना, शिडीसारखा उभा.

वुथी माइकवर सांगत होता. "नाव ता केओ. हे देऊल पुरा नाय. कोन बोलतो राजा मेला. कोन बोलतो वीज पडली. कोन बोलतो दगड लय कडक, छिन्नी चालत नाय. कारागीर थकला, छिन्नी ठेवली, घरी गेला."

"बस थांबवा!" मी ओरडले.

मला ते का हवं होतं, हे फरशीवाल्यालाच कळेल, तरी सांगते. एकदा नक्षी झाली की दगड नक्षीवाल्याचा होतो. लोक म्हणतात, काय सुंदर अप्सरा. दगड काय सुंदर, असं कोणी म्हणत नाही. नक्षी होण्याआधी तो आमचा असतो, खाणीवाल्याचा, वाहून आणणाऱ्याचा, रचणाऱ्याचा. हजार वर्षं आमचाच राहिलेला एवढा मोठा दगड मी पहिल्यांदा पाहत होते. मला त्या जिन्याने वर जायचं होतं आणि छिन्नी जिथे थांबली ती जागा हाताने चाचपायची होती. ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. एरवी म्हणता येतं, पुढच्या वेळी. माझ्याकडे पुढची वेळ नव्हती.

टूर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हे देऊळ पॅकेजमध्ये नाही. आणि हॉटेलात वरण-भात काढून ठेवलाय." वरण-भात हे शब्द ऐकताच बसमधले सगळे माझ्या विरुद्ध गेले. एका बाजूला हजार वर्षांचं देऊळ, दुसऱ्या बाजूला वरण-भात, आणि बस थांबली नाही.

वुथीला मात्र माझा चेहरा दिसला असावा. दुपारी आम्ही त्या देवळात गेलो जिथे प्रत्येक मनोऱ्याला चारी बाजूंनी हसरे चेहरे आहेत. सगळे चेहऱ्यांबरोबर फोटो काढत होते. मी भिंती बघत होते. मी वुथीला म्हटलं, "हा दगड जुना नाही. नंतर बसवलाय. याची कड यंत्राने कापलेली आहे."

वुथी थबकला. "कोन बोलला?"

"दगडच बोलला. हाही नवा. आणि तो वरचाही."

त्याने आनंदाने उडीच मारली. पडझड झालेल्या जागी दुरुस्ती करताना नवे दगड घातलेले असतात आणि कुठले ते त्याला ठाऊक होतं, कारण लहानपणी त्याचा काका त्या कामावर मजुरी करायचा. मग आमची पैज लागली. तो छत्रीने दगड दाखवणार, मी जुना की नवा सांगणार. बरोबर आला की माझी पाच मिनिटं वाढली.

"कसली पाच मिनिटं?" त्याने विचारलं.

"माझ्या अर्ध्या देवळाची."

तो हसला आणि छत्री फिरवायला लागला. मी ओळीने आठ दगड बरोबर सांगितले. नवव्याला तो म्हणाला, चूक. मी म्हटलं, चूक तुझ्या काकाची. आम्ही दोघं त्या हसऱ्या चेहऱ्यांखाली इतक्या जोरात भांडलो की दोन जपानी बायका आमचा फोटो काढून गेल्या. शेवटी तो म्हणाला, नववा धराचाच नाय. आठ पंचे चाळीस. चाळीस मिनिटं माझी झाली, आणि हे नसीमासमोर झालं.

संध्याकाळी खरेदीचं दुकान होतं. एका बाईकडे दगडाचा म्हणून गणपती होता. मी नख लावलं. पावडर दाबून केलेला. मी तिला मराठीत तिच्या सात पिढ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल विचारलं आणि वुथीला म्हटलं, सांग तिला. वुथीने तिला दोनच वाक्यं सांगितली. ती बाई खुलली, उठली आणि तिने मला एक केळ्यांची फणी भेट दिली.

"तू तिला काय सांगितलंस?"

"दादूस बोलतो, तुझं हात लय सुंदर, दगड असता तर घेतला असता."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं लय लांब होतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले दोन दिवस हा माणूस माझ्या बोलण्यातला फक्त चांगला अर्धा भाग पलीकडे पोचवत होता. हॉटेलातली माणसं, ड्रायव्हर, तिकीटवाले सगळे मला बघून का हसत होते, ते कळलं. मी रागवावं की काय, ते ठरेना. केळी गोड होती.

आता मुद्द्यावर येते. आमचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. सकाळ मोकळी होती. देवळांचा पास आणखी एक दिवस चालणार होता. संध्याकाळी हॉटेलच्या दारात वुथी स्कूटर काढत असताना मी त्याला गाठलं आणि स्वच्छ मराठीत बोलले.

"वुथी, उद्या सकाळी सात. ते अर्धं देऊळ. तू आणि मी. माझी चाळीस मिनिटं आहेत."

त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. मग अगदी गोड हसला.

"बघू, दादूस," तो म्हणाला. छत्री पाठीमागे कॉलरमध्ये तलवारीसारखी खोचली, स्कूटरला किक मारली. "येतो!" आणि गेला.

मी खूश होऊन वर गेले. दोन शब्द. बघू. येतो. देऊळ बघू, तुम्हाला न्यायला येतो. यात न कळण्यासारखं काय आहे?

सकाळी साडेसहाला मी हॉटेलच्या दारात खुर्ची टाकून बसले. गुडघ्याला पट्टा, पायात बूट, पिशवीत पाण्याची बाटली आणि उरलेली केळी. सात वाजले. साडेसात वाजले. दारावरच्या माणसाने मला तीनदा नमस्कार केला. वुथीचा फोन बंद. आठ वाजता नसीमा नाश्त्याला खाली उतरली.

"गेली नाहीस?"

"अजून आला नाही. येतो म्हणून गेलाय."

"नेमकं काय म्हणाला?"

"आधी बघू म्हणाला."

नसीमाने चहाचा कप खाली ठेवला. "बघू म्हणाला? आणि मग येतो म्हणाला?" माझ्याकडे बघता बघता तिचे खांदे हलायला लागले. "अगं बाई, तो 'नाही' म्हणाला! 'नाही' म्हणाला आणि टाटा करून गेला!"

"काहीतरीच काय? तो परदेशी माणूस आहे."

"आणि तू? दिवाळीत तो बिल्डर उधारीवर माल मागायला आला होता, त्याला तू काय म्हणालीस? 'बघू.' त्याला कळलं ना? आला का परत? माझ्या लेकीच्या घरी जेवायला बोलावलं की 'बघू.' लग्नाच्या मांडवातून निघताना 'येते.' तीस वर्षांत कोणाच्या मांडवात परत गेलीस तू?" ती हसून हसून टेबलावर वाकली. दारावरच्या माणसालाही हसू यायला लागलं, त्याला काही कळत नसताना.

मी बिल्डरला म्हणते ते वेगळं. तो धंदा आहे.

विमान मला वेळेवर घेऊन निघालं, मला नको असताना. पनवेलला आल्यावर मी वुथीला तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. त्यातला फक्त चांगला भाग ठेवला असता तर 'वुथी' एवढंच उरलं असतं. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. आवाज रडवेला होता.

"दादूस, सॉरी. आमी खोटा नाय. वहीत हाय. करंजाच्या मानसाला आमी बोलला, अजून एक देऊल? तो बोलला, बघू. नाय बघितला. दुकानात बोलला, बघू. नाय घेतला. जाताना बोलला, येतो. नाय आला. आमी लिहिला, बघू म्हंजी नाय, येतो म्हंजी बाय-बाय. तुमचा गुडघा नारल झाला होता. जिना लय वाईट. तुमाला तोंडावर 'नाय' बोलाची भीती वाटली. म्हनून मराठीत बोलला."

मी तो निरोप चार वेळा ऐकला. नसीमाने सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य तिने त्याच्याबरोबर म्हटलं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी दुकानात एका गिऱ्हाइकाला कोटा दाखवत होते. पडद्यावर आधी जमीन दिसली, मग उलटी झाडं, मग ते काळपट हिरवट दगड. वुथी सुट्टीच्या दिवशी एकटाच तिथे गेला होता. तो जिना चढत होता आणि धापा टाकत मला पायऱ्या मोजून दाखवत होता. मध्येच त्याचा हिशोब चुकला आणि त्याने पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, खाली न उतरता, तिथूनच. गिऱ्हाईक कोटा सोडून माझ्या खांद्यावरून बघायला लागलं. वर पोचल्यावर त्याने टोपी काढली, एक दगड दाखवला. अर्ध्यावर छिन्नीचे घाव, पुढे काही नाही, कोरा.

"दादूस, हात लावा," तो म्हणाला, आणि त्याने फोन त्या दगडाला टेकवला.

पडदा काळा झाला. नुसती खरखर ऐकू आली. मग त्याचं नाक दिसलं, मग घामाने चिकटलेले केस, मग वाऱ्याने धरलेली टोपी आणि तिच्यामागे पळणारा वुथी, तिरपा, हसत, आणि मग नेटवर्क गेलं.

गिऱ्हाइकाने कोटा घेतला नाही. बघतो म्हणालं.

मोबाईलमधलं देऊळ मी धरत नाही. गुडघा आता नवीन आहे, सपाट रस्त्यावर मी नसीमाच्या पुढे चालते. पण ते देऊळ माझं अजून येणं आहे, आणि वुथीकडे मागण्यात अर्थ नाही. तो बिचारा वहीप्रमाणे वागला. वही कोणी भरली? मी त्याच्याकडून नंबर घेतला आणि करंजाला फोन लावला. हरेश नाखवा, भाषेचा हट्ट धरणारा तोच, स्वतःची होडी असलेला माणूस. मागे इंजिन धडधडत होतं.

"कोन वुथी? हां, हां, छत्रीवाला! लय भारी मानूस, मावशी!"

"भारी आहे. तुम्ही त्याला काय शिकवून ठेवलंत, माहीत आहे का?"

सगळी हकीकत ऐकून तो इतका हसला की इंजिन बंद करावं लागलं. "मावशी, आमी काय शिकवनार? आमी आपलं बोललो, जसं बोलतो तसं."

"हे मला फोनवर नको. पनवेलला या, माझ्या दुकानात, समोर बसून सांगा."

त्याने इंजिन पुन्हा चालू केलं.

"बघू, मावशी. येतो."

हरेश नाखवा, हे कोणी ना कोणी तुम्हाला वाचून दाखवेलच, तेव्हा ऐका. माझं दुकान सोमवारी बंद असतं. उरलेल्या सहा दिवसांत कधीही या, चहा माझा. पण एका भल्या माणसाला चार दिवसांत आपली सगळी लबाडी शिकवून माझं देऊळ कोणी बुडवलं, याचं उत्तर दिल्याशिवाय तुम्हाला उठू देणार नाही. येणार असाल तर 'हो' म्हणा. नसाल तर तोंडावर 'नाही' म्हणा. तिसरा शब्द मी ऐकून घेणार नाही.